पांढऱ्या सदऱ्यातला टकल्या

वरकुट्याचे बिरूतात्या एक गोष्ट कुणालाही, कधीही, न विचारता सांगत. पाचशे मेंढरांच्या कळपात आपलं एकच मेंढरू असलं, तरी ते बांधावर बसल्या बसल्या बोटानं दाखवणार. मेंढरं विकून ऊस लावला त्याला बारा वर्षं झाली, पण फुशारकी तेवढी विकायची राहून गेली होती.

म्हणूनच त्या रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात जमलेल्या चाळीसेक माणसांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "पोरगं वळखायची काळजी करू नका. मी दावतो."

पोरगं म्हणजे त्यांचा ऋतिक. फुटबॉलच्या एका मोठ्या क्लबानं त्याला घेतलं होतं खरं, पण सगळा हंगाम त्याचा राखीव म्हणून बाकावर बसण्यात गेला होता. आज तो पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता आणि सामना टीव्हीवर दिसणार होता. आज जमलं तर क्लब पुढच्या वर्षी ठेवणार, नाहीतर बॅग उचलून घरी यायचं, असं त्यानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

घरी आलाच तर पुढं काय, याची सोय हिंदुरावांनी करून ठेवली होती. हिंदुराव गावातले मोठे बागायतदार. चेंडूमागं पळून आजवर कुणाचं भलं झालंय, हा त्यांचा जुना सवाल. ऋतिकला कारखान्यावर चिकटवायचा अर्ज ते लिहूनच घेऊन आले होते आणि तो त्यांच्या खिशातनं चार बोटं बाहेर डोकावत होता. फक्त तात्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. तात्यांची नजर पडद्यापेक्षा त्या खिशाकडंच जास्त जात होती.

प्रोजेक्टर अजितनं भवानीनगरहून आणला होता. लग्नात साउंड लावणारा हा गडी, पण नेमका आज त्याचा स्पीकर बोलेना. मॅच बघायची असते, ऐकायची नसते, असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली. त्यातच पडदा म्हणून टांगलेली चादर आखूड निघाली. चित्राचा वरचा पट्टा चादर सोडून भिंतीवरच्या तसबिरींवर पडत होता, आणि कोण कुणाविरुद्ध खेळतंय ते नेमकं तिथंच लिहून येत होतं. गावातली जाणती पोरं क्रिकेटच्या सामन्यांसाठी पणदऱ्याला गेलेली, त्यामुळं विचारावं असं कुणी उरलंच नव्हतं.

पण विचारायचं कशाला? तात्यांच्या घरात ऋतिकचा फोटो होता. निळा सदरा, सहा नंबर आणि मानेवर रुळणारे केस. पडद्यावर अकरा निळे आणि अकरा पांढरे उतरले. निळ्यांत सहा नंबर होता आणि केसही मानेवर होते. तात्यांनी काठीनं दाखवलं आणि समाजमंदिरात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता क्लबाकडं कपड्याचे दोन जोड असतात, परक्या मैदानावर गेलं की कधीकधी दुसरा घालावा लागतो, आणि सहा नंबर दोन्ही संघांत असतो, हे तात्यांना कुणी सांगितलं असतं? मेंढराच्या पाठीवर एकदा रंगाचा पट्टा ओढला की ते परगावी गेलं म्हणून काही रंग बदलत नाही.

खेळ सुरू झाला आणि पाच मिनिटांत सगळ्या गावाला एक शत्रू मिळाला. पांढऱ्या सदऱ्यातला एक टकल्या. निळ्यांनी चेंडू पुढं आणला की हा मध्ये हजर. निळा सहा नंबर डावीकडून निघाला की हा डावीकडं, उजवीकडून निघाला की उजवीकडं. बरं, फार धावतोय असंही नाही. चेंडू जिथं येणार तिथं हा आधीच जाऊन उभा. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं निळ्यांचे नऊ डाव मोडले. हिंदुराव बोटावर मोजत होते आणि दर बोटागणिक त्यांचा हात खिशाकडं सरकत होता.

तात्यांचा तोल सुटायला एवढं पुरे होतं. त्यांनी टकल्याला दुसऱ्याचं रान कोरून खाणारा बांधकोऱ्या म्हटलं, आडमुठा म्हटलं, पंच त्याचा पाव्हणा असल्याचं जाहीर केलं. टकल्यानं दहाव्यांदा चेंडू काढून घेतला तेव्हा तर ते खुर्चीवर चढले.

"कुणाच्या पोटचं बेणं हाय ह्ये? बापानं काय शिकीवलं का न्हाय ह्याला? नुसता आडवा येतोय! त्या बापालाच हितं आणून हुबा केला पायजे!"

यावर भरपूर टाळ्या पडल्या. मध्यंतराला चहा झाला तोवर तात्यांचा घसा बसला होता.

दुसरा डाव सुरू झाल्यावर साखरबाई आल्या. तात्यांच्या कारभारीण. धारा काढून, भाकऱ्या थापून, पदराला हात पुसत त्या दाराशीच टेकल्या. बाकी सगळे चेंडूकडं बघत होते. साखरबाईंना चेंडूशी कर्तव्य नव्हतं. त्यांची नजर मैदानभर एकदा फिरली आणि थांबली.

"आवं," त्या म्हणाल्या, "ह्यानं केस कवा काढलं?"

कुणी, असं तात्यांनी वैतागून विचारलं. साखरबाई चालत पडद्यापाशी गेल्या आणि त्यांनी थेट टकल्यावर बोट ठेवलं. "ह्यो काय. डावा खांदा पाडून हुबा हाय. आंब्यावरनं पडल्यापासनं असाच हुबा ऱ्हातोय. तुमी कुणाला बघताय?"

चाळीस माना त्या बोटाकडं वळल्या. तेवढ्यात कॅमेरा टकल्याच्या पाठीशी गेला. पांढऱ्या सदऱ्यावरही सहा नंबर होता. मग त्यानं तोंड वळवलं, घाम पुसला, आणि चादरीवर हातभर मोठा ऋतिक उभा राहिला.

तात्या खुर्चीवरून उतरले. पोरगं दहा वर्षांचं असताना त्यांनीच त्याला माळावर सांगितलं होतं, लांडग्यामागं पळायचं नाही, त्यो ज्या वाटंनं येणार तितं आधीच जाऊन उभं राहायचं. आणि तासभर ते त्यालाच शिव्या घालत होते, नेमक्या त्याच कारणासाठी. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

गावाला मात्र पक्ष बदलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आडमुठा होता तो खंबीर झाला. बांधकोऱ्या होता तो राखणदार झाला. हिंदुरावांनी बोटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. सत्तराव्या मिनिटाला ऋतिकनं निळ्या सहा नंबरच्या पायातनं चेंडू काढला, मान वर करून लांब पुढं दिला, आणि पांढऱ्यांचा गोल झाला. शेवटी शेवटी निळा सहा नंबर एकटाच गोलकडं सुटला. तात्यांनी डोळे मिटून घेतले. साखरबाईंनी मात्र मिटले नाहीत, म्हणून ऋतिकनं घसरत जाऊन चेंडू कसा बाहेर घातला ते पुढं वर्षभर तात्यांना त्याच सांगत राहिल्या.

एक-शून्य. सामन्याचा मानकरी म्हणून करंडक ऋतिकच्या हातात दिला गेला. हिंदुरावांनी खिशातला अर्ज काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि चहाच्या रिकाम्या कपात टाकला.

"बिरू, मी माझं मागं घेतलं," ते म्हणाले. "आता मघाशी त्याच्या बापाबद्दल जे बोललास, ते तूबी मागं घे."

तात्यांनी मान डोलावली. आवाज निघत नव्हता. घरी पोचतात तोवर ऋतिकचाच फोन आला.

"तात्या, घसा कशानं बसलाय?"

"वरडून."

"माझ्यापायी एवढं वरडला?"

तात्यांनी साखरबाईंकडं पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"निम्मं तुझ्यापायी," तात्या म्हणाले. "आन् हे बघ, हितनं म्होरं सदरा बदलायचा असला, की आदल्या दिवशी घरी कळवत जा."