कपाळापर्यंत आलेली नात

किशनराव औरादकरांच्या दाराची बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "कोण?" आपण म्हणायचं, "मी मंजिरी, वरची." त्यावर दार उघडायचं नाही. आतून दुसरा प्रश्न यायचा, "कशावरून?"

आता याला माणसानं काय उत्तर द्यावं? सुरुवातीला मी दाराबाहेर उभी राहून माझं गाव, कंपनी, वडिलांचं नाव असं सगळं ओरडून सांगत असे आणि समोरच्या घरातल्या बायका ते आवडीनं ऐकत असत. पुढे मला शहाणपण आलं. मी गप्प उभी राहायची. मग साखळी लावलेल्या दाराच्या फटीत एक डोळा दिसायचा. "तुमीच हाव होय? मग तसं सांगायचं की," असं वर मलाच ऐकवून ते दार उघडायचे.

मी पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आले होते. दोन हजार साल जवळ येत होतं, आणि सगळ्या जगातले कॉम्प्युटर ते साल लागेल त्या रात्री वेडे होणार म्हणून आमची कंपनी परदेशातल्या जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करून देत होती. नारायणगुड्यातल्या एका गल्लीत किशनरावांच्या घराचा वरचा पोर्शन मला मिळाला. मिळाला म्हणजे सहज नाही. मी दिलेला कंपनीचा पत्ता खरा आहे की नाही हे बघायला ते स्वतः आमच्या ऑफिसात येऊन बसले होते. रिसेप्शनवरच्या मुलीला त्यांनी विचारलं, "हे ऑफिस रोज असतं का आजच लावलंय?" माझ्या साहेबांनी मला बाहेर बोलावून घेतलं आणि हे कोण, असं डोळ्यांनी विचारलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

यात त्यांचा अगदीच दोष होता असंही नाही. सगळी नोकरी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून झाली. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा, पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधून काढायची. हेच जन्मभर केलेला माणूस रिटायर झाला म्हणून जगावर विश्वास ठेवायला लागेल, अशी अपेक्षा करणंच चूक. बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत सरकारी शिक्क्याचं पितळी वजन असे. भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच दोन टोमॅटो जास्त टाकत. ते दोन टोमॅटो किशनराव परत काढून ठेवत आणि म्हणत, "हे कामून टाकले? ह्याच्यात काय तरी मेख आहे."

असा माणूस एके दिवशी कॉम्प्युटर घेऊन आला. आबिड्सच्या एका दुकानातून, जुन्या भागांची जुळवाजुळव केलेला. रिक्षातून उतरवताना मी गॅलरीतून बघत होते. टेबलाच्या मापाचा मॉनिटर, आणि त्याच्यावर हात टाकून बसलेले किशनराव. माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना.

कारण नंतर कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी सुमा अमेरिकेत होती. तिला मुलगी झाली होती, आणि तिनं कळवलं होतं की बाळाचा फोटो ती फक्त ईमेलनं पाठवणार. पोस्टानं का नाही, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "पोस्टात फोटो बदलतात." हे सुमाचं कारण नव्हतं हे उघड होतं. पण मी पुढं विचारलं नाही.

मीच त्यांना ईमेलचा पत्ता काढून दिला. पासवर्ड टाकताना त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

तेव्हाचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, हे आता नव्या मुलांना सांगावं लागतं. मोडेम नावाची डबी फोन लावायची, मग किंचाळायची, खरखरायची, आणि नशीब असेल तर जोडली जायची. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. फोटो यायचा तो वरून खाली, एकेक पट्टी करत. रविवारी सकाळी आम्ही पहिल्यांदा सुमाचं पत्र उघडलं. आधी भिंत आली. मग थोडे काळे केस. मग कपाळ. आणि भुवया दिसतायत न दिसतायत तोच मोडेमचे दिवे विझले, कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला, आणि पडद्यावर पाटी आली.

किशनरावांनी आतून येऊन, चष्मा पुसून इंग्रजी पाटी वाचली आणि मला मराठीत अर्थ विचारला. मी सांगितला. "या प्रोग्रामनं बेकायदेशीर कृत्य केलं आहे. तो बंद करण्यात येईल."

ते ताडकन उभे राहिले. "माझ्या घरात? कुणी केलं?"

"काका, प्रोग्रामनं. तसं लिहायची पद्धत आहे."

"असं कसं? कृत्य केलं म्हणजे कुणीतरी केलं. कलम कोणतं ते लिहिलंय का बघा."

पुढच्या रविवारी तेच. भिंत, केस, कपाळ, पाटी. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी डायलरचं, म्हणजे फोन लावून देणारं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा भरलं. मोडेमची सेटिंगं बदलली, वेग कमी केला, तार नवी आणली, नको असलेले प्रोग्राम काढून टाकले. ऑफिसात मी परक्या देशातल्या बँकांच्या तारखा दुरुस्त करत होते, आणि इथं एका बाळाला भुवयांच्या खाली आणता येत नव्हतं. माझाही पारा चढायला लागला होता.

किशनरावांनी मात्र तपास कधीच सुरू केला होता. पहिला संशय दुकानदारावर. कॉम्प्युटर रिक्षात घालून ते आबिड्सला घेऊन गेले, मलाही साक्षीदार म्हणून नेलं. दुकानदारानं आपल्या फोनवर इंटरनेट जोडून तासभर मशीन चालवून दाखवलं; सुमाचं पत्र मात्र किशनरावांनी तिथं उघडू दिलं नाही. एकदाही थिजलं नाही. "चाचा, मशीन एकदम बढिया है," तो हात जोडून म्हणाला. "आप शक बहोत करते ना, उसीसे हैंग होरा."

दुसरा संशय लाइनमन यादगिरीवर. त्याला बोलावून त्यांनी खांबावर चढवलं आणि स्वतः खाली उभे राहून, "डावीकडची तार कुणाची? ती कामून हालू लागली?" अशी तपासणी केली. यादगिरी वरून परत परत सांगत होता, "लाइन बागुंदि सार, लाइन बागुंदि." लाइन चांगली आहे म्हणून. खाली आल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच त्याची माफी मागितली.

तिसरा संशय अर्थात माझ्यावर. तसं ते बोलले नाहीत. पण त्यानंतर मी कळफलकावर बोटं चालवताना ते माझ्या हातांकडे बघायचे. एकदा म्हणाले, "तुमी पुण्याच्या ना? सुमाचे सासरचे बी तिकडचेच." मला इतका राग आला की मी उठून वर निघाले. जिन्यात त्यांनीच हाक मारली. "मंजिरीबाई, तसं नाही. कपाळापस्तोर येतंय आणि थांबतंय. दर वेळी तिथंच थांबतंय. म्हणजे कुणीतरी थांबवू लागलंय की नाही? तुमीच सांगा."

मग त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला साखरपुड्याची गोष्ट सांगितली. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

हिमायतनगरच्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता. मुलाकडच्यांनी सुमाला पाटल्या घातल्या. सगळे टाळ्या वाजवत होते. आणि किशनरावांनी पिशवीतून छोटा काटा काढला, मुलीच्या हातातून पाटल्या उतरवून घेतल्या आणि भर समारंभात, भटजींच्या शेजारी बसून, तोलल्या.

"मग?" मी विचारलं.

"वजन बरोबर निघालं," ते म्हणाले. "सांगितल्यापेक्षा गुंजभर जास्तच."

 पाटल्या परत सुमाच्या हातात घातल्या गेल्या. पण लग्न पुण्याला झालं, किशनराव तिथे पाहुण्यासारखे बसून आले, आणि अमेरिकेला गेल्यापासून सुमानं एकदाही फोन केला नाही. चार ओळींचं पत्र, आणि आता चार ओळींचा ईमेल. तेवढंच. घरात आधीच कोणी नव्हतं, काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी मघाचा राग पार विसरून गेले. मी म्हटलं, "काका, चला, पुन्हा लावून बघू."

पुन्हा तेच झालं, हे सांगायला नकोच. पण यावेळी माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. कॉम्प्युटर जोडला गेला की किशनराव म्हणत, "तुमी बघा, मी चहा टाकतो," आणि आत जात. लाइन तुटायची ती नेमकी ते आत असताना. आबिड्सच्या दुकानात ते तासभर माझ्या शेजारी उभे होते, तेव्हा काही झालं नव्हतं.

मला माझीच लाज वाटली, पण संशय हा रोग लागणारा आहे. मी सहज विचारल्यासारखं केलं, "काका, आतल्या खोलीत दुसरा फोन आहे ना? याच तारेवरचा? तो कोणी उचलला तर इकडची लाइन तुटते बरं का."

"घरात मी एकटा," ते म्हणाले. "कोण उचलणार?"

पुढच्या रविवारी मोडेम किंचाळला, जोडला गेला, भिंत दिसायला लागली. किशनराव चहाला आत गेले. मी चपला काढल्या आणि पाय न वाजवता त्यांच्या मागे गेले. इन्स्पेक्टरच्या घरात राहून तेवढं मलाही जमायला लागलं होतं.

गॅसवर चहा उकळत होता. त्याच्यापुढच्या खोलीत, खिडकीशी, पाठमोरे किशनराव उभे होते. रिसीव्हर कानाला लावलेला, दुसरा कान हातानं झाकलेला. मोडेमची खरखर मला दारापर्यंत ऐकू येत होती. आणि त्या खरखरीत ते अगदी हळू आवाजात बोलत होते. "हॅलो. सुमे? बोल की. मी ऐकू लागलोय, बोल."

मी दारातच उभी राहिले. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरनं पाटी दाखवल्याचा टुंग असा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं आणि मी दिसले.

मला वाटलं ते चिडतील, निदान "कशावरून मीच?" असं तरी म्हणतील. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "आवाज येतो ना," ते म्हणाले. "मला वाटलं तिकडनं फोन लागू लागला की असा येत असेल. आमच्या वेळेला ट्रंक कॉलला आधी अशीच खरखर यायची, मग माणूस बोलायचं. मी दर वेळी थोडा वेळ थांबतो. मग एकदम गप्प होतं. वाटतं, तिनं ठेवला."

"काका, ती खरखर आपल्या मोडेमची. फोन अडकलेला असताना बाहेरून कोणाचा येऊच शकत नाही."

"तेच तर," ते एकदम म्हणाले. "तुमी कॉम्प्युटर लावला की फोन अडकतो. आणि नेमका त्याच वेळेला तिनं केला तर? तिला एंगेज ऐकू येणार. ती लहानपणापासून तशी आहे. एकदा हाक मारली आणि ओ आली नाही की परत मारत नाही."

इतके रविवार हा माणूस आम्हा सगळ्यांवर संशय घेत होता. आणि त्याच्या मनात एकाच गोष्टीवर विश्वास होता, की मुलगी आज फोन करेल.  मी आत जाऊन गॅस बंद केला, कारण चहा उतू चालला होता आणि मला काहीतरी करायला हवं होतं.

मग मी आतल्या फोनची तार भिंतीतून काढली आणि त्यांना दंडाला धरून बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी बसवलं. पुन्हा नंबर फिरवला. भिंत आली. केस आले. कपाळ आलं. किशनरावांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. भुवया आल्या, मिटलेले डोळे आले. नाक यायला खूप वेळ लागला. "नाक आमच्याकडचं," ते पुटपुटले. मग तोंड, हनुवटी, दुपट्याची गाठ. आणि शेवटच्या पट्ट्यांमध्ये, बाळाच्या डोक्याखाली धरलेला एक हात आला. सुमाचा चेहरा फोटोत नव्हता. फक्त हात. बाळाकडे बघून झालं तरी ते त्या हाताकडे बघत राहिले.

"काका, उत्तर लिहू या?"

त्यांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "लिहा. पाटल्यांचं माझं चुकलं. फोन एंगेज लागला तर समज, मी तुझंच पत्र बघायला बसलोय. जरा थांब आणि परत कर."

मी तसंच लिहिलं, एक अक्षर न बदलता, आणि पाठवलं. पत्र गेलं असं पडद्यावर दिसताच त्यांनी घाई सुरू केली. "आता बंद करा ते. लौकर. लाइन मोकळी करा."

मी कनेक्शन तोडलं, आतल्या फोनची तार परत लावून आले. तोवर त्यांनी खुर्ची बाहेरच्या फोनजवळ ओढून घेतली होती. अमेरिकेत तेव्हा रात्र होती, सुमा ते पत्र उद्या वाचणार होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी चपला घालत होते तर ते रिसीव्हर उचलून कानाला लावत होते, लाइन खरंच मोकळी आहे की नाही बघायला.

मी परत गेले. त्यांच्या हातातून रिसीव्हर घेऊन खाली ठेवला. "काका, उचलू नका. वाजला की उचला."

"हौ," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले.