ताटाखालचा रुपया

लेकीसाठी नुसतं स्थळ पाहून यायचं, होकार द्यायचा नाही, आणि काही झालं तरी तिथं जेवायचं नाही, असा शहापूरच्या भैय्यालालचा बेत होता. बेत इतका पक्का की एस.टी.त बसल्यापासून तो स्वतःवरच खूश!

"पाहून घेजो गोपीचंद, पान्याचा घोट घेनार नाही अन् परत येनार!" त्यानं साळ्याला बजावलं.

गोपीचंद मध्यस्थ होता. सोयरीक त्यानंच आणलेली, आणि मोहाडीला पोराच्या घरी होणाऱ्या जेवणासाठी सकाळपासून पोट रिकामं ठेवलेलं.

"न जेवता कसं जमन भाऊजी? पोराचा बाप बाबूलाल आहे तो! पाहुना उपाशी गेला तं जन्मभर नाव ठेवन."

"त्याचा इलाज आहे माझ्यापाशी!"

पोटाचा इलाज मात्र कोणापाशीच नव्हता. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की भैय्यालालच्या अंगात रक्त जरुरीपेक्षा जास्त तयार होतं आणि घट्टही होतं. आता घ्या! अर्ध्या जिल्ह्यात नर्सबाई रक्त वाढायच्या लाल गोळ्या वाटत दारोदार फिरते, आणि याच्या नशिबी रक्त कमी करायच्या कॅप्सूल, त्याही जन्मभर! कॅप्सूलनं रक्त ताळ्यावर आलं, पण पोटानं वैर धरलं. सकाळी मळमळ, तोंडात फोड, दूध घेतलं की जुलाब, तेलाचा नुसता वास आला तरी पोटात कालवाकालव. दिवाळीनंतरच्या मंडई जत्रेच्या जेवणात पैज लावून लाखोरी डाळीचे वडे खाणारा, भल्याभल्यांना पाटावरून उठवणारा हा गडी आता बिनमिरचीची पेज पीत होता.

सांगायची सोय नव्हती. रक्ताचा आजार म्हटलं की लोक आजाऱ्याकडे पाहत नाहीत, आधी त्याच्या लग्नाच्या पोरीकडे पाहतात. म्हणून कुठं जेवायचं बोलावणं आलं की तो सांगायचा, "उपास आहे." उपास इतके वाढले की गाव त्याला मोठा भक्त समजून भजनाला बोलवायला लागलं! संताप व्हायचा नुसता. देवानं नको ते दिलं, आणि वर त्याचीच भजनं म्हणायची!

ती पेज रुखमा करायची. एकुलती एक लेक, भंडाऱ्याला मास्तरकीचं शिक्षण नुकतंच संपवून घरी आलेली. निघताना तिनंच नवं धोतर काढून दिलं, बंडीच्या खिशात कॅप्सूलची बाटली घातली आणि हळूच म्हणाली, "बाबूजी, तिथं आजाराचं काही बोलू नका जी."

"नाही बोलत. पन तुह्या मनात काय आहे ते तं सांग."

रुखमानं मान खाली घातली. "मले नाही करायचं लग्न."

चुलीपाशी बसलेली तिची आई गिरजाबाई हसली. "साऱ्याच पोरी असं म्हनतेत. मीपन म्हनली होती."

"माझी लेक तशी नाही! ती नाही म्हनते म्हनजे नाही!" असं म्हणून भैय्यालाल ताठ मानेनं निघाला होता.

मोहाडीला बाबूलालच्या ओसरीवर पाऊल टाकलं आणि तळणाचा वास थेट पोटात शिरला. घर भरलेलं, माणसं मोकळी, पोरगा हेमराज शांत आणि शिकलेला. नाव ठेवायला जागा नव्हती, पण भैय्यालाल नावं ठेवायला आलाच नव्हता. तो नुसतं पाहत होता. पाहता पाहता पुढ्यात ताट आलं. टम्म फुगलेल्या सुवाऱ्या, तेलात पोहणारी भरली वांगी, वाटीभर खीर आणि लाखोरीच्या वड्यांचा ढीग!

भैय्यालालनं आपला इलाज बाहेर काढला. हात जोडून, डोळे मिटून तो म्हणाला, "माफ करा जी. पोरीच्या सासरी बाप पान्याचा घोटपन घेत नाही. आमच्या घरचा रिवाज आहे."

गोपीचंदच्या हातातला वडा हातातच राहिला. आणि मग बाबूलाल ताडकन उठून आत बायकोला ओरडला.

"पोरीच्या सासरी! शकुन, आयकलं का व? इवायानं आपल्या तोंडानं सासर म्हनलं! सोयरीक पक्की!"

"नाही जी, म्हनजे मी..."

"आता नाही कायले? चार मानसांसमोर बोलले ना तुमी!"

चार नव्हती, पण दोन हाका मारल्याबरोबर शेजारपाजारची दहा जमली! जो तो भैय्यालालला मिठी मारायला लागला. नुसतं पाहायला आलेला माणूस बसल्या जागी व्याही झाला होता. त्यातल्या त्यात एकच समाधान की निदान जेवण तरी टळलं.

तेही टिकलं नाही. दारातून शकुनबाई, हेमराजची आई, बोलली. "रिवाज आमच्यातपन आहे जी. त्याले तोड आहे. ताटाखाली रुपया ठेवा, मंग ते इकतचं जेवन. बापाले पाप लागत नाही."

भैय्यालाल खिसे चाचपण्याचं नाटक करत होता, तोवर गोपीचंदनं, सख्ख्या साळ्यानं, स्वतःचा रुपया काढून त्याच्या ताटाखाली सरकवला!

वाढायला हेमराज वाकला. कानाशी येऊन तो पुटपुटला, "बाबूजी, खीर नका घेऊ, दुधाची आहे. वडे नुसते चिवडा, मी ताट उचलून घेतो."

याला कसं कळलं? भैय्यालालनं चमकून वर पाहिलं. पण तेवढ्यात बाबूलालनं स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात वडा कोंबला. फोडांवर मिरची लागली आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"पाहा, पाहा! पोरीच्या मायेनं रडून राहिला इवाई!" बाबूलालनं स्वतःचेही डोळे पुसले, आणि त्या भरात त्यानं आणखी वडे वाढले.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. भैय्यालाल लोटा घेऊन परसाकडे धावला, येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा धावला. नंतर नंतर तर हेमराज मागच्या दाराशी भरलेला लोटा घेऊनच उभा होता.

"होते असं! ओवा खा!" बाबूलाल हसला. इथंच सगळं निभावलं असतं. पण परसातून लटपटत आलेल्या भैय्यालालला समोर दिसलं ते शकुनबाईच्या हातातलं कुंकवाचं ताट. त्यात नारळ, नवा दुपट्टा. एकदा नारळ हातात पडला की शब्द फिरवता येणार नव्हता. त्याला रुखमाची खाली गेलेली मान आठवली. चार वडे टाळायला आपण लेकीचं आयुष्य देऊन बसलो, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली. त्यानं बंडीच्या खिशातून बाटली काढली.

"नारळ ठेवा जी. मी फसवलं तुमाले. मले रक्ताचा आजार आहे. जन्मभराचा."

शकुनबाई ताटासकट मागं सरकली. बाबूलालनं विचारलं, "म्हनजे पोरीलेपन होईन का?"

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, सहसा लेकरांना होत नाही, पोरीची काळजी करू नका. ते उत्तर भैय्यालालनं गिळून टाकलं.

"काय सांगता येते जी," तो म्हणाला.

"बाबा, मी सांगतो ना..." हेमराज पुढं झाला.

"तू चूप!"

नारळ आत गेला. शेजाऱ्यांना एकदम कामं आठवली. शकुनबाईनं ताटाखालचा रुपया उचलून भैय्यालालच्या हातावर ठेवला. "आता नुसते पाहुने आहा तुमी. इकत कायले खाता?"

परतीच्या वाटेवर गोपीचंद एकदाच बोलला, भंडाऱ्याला गाडी बदलताना. "आता साऱ्या तालुक्यात बोंब होईन. पोरीले पाहाले कुत्रंपन येनार नाही." भैय्यालालनं ऐकून सोडून दिलं. अंगात त्राण नव्हतं, पण छाती फुगलेली होती. तीन वर्षं लपवलेलं त्यानं लेकीसाठी उघडं केलं होतं!

"मोडून आलो!" दारातूनच तो ओरडला. "तू नाही म्हनली होती ना, मोडून आलो!"

रुखमा उभी राहिली. "आजाराचं बोलले?"

"तुह्यासाठीच बोललो!"

"त्याले माहीत होतं बाबूजी," ती हळू म्हणाली. "मीच सांगतलं होतं. दोन वर्षं एका वर्गात होतो आमी."

भैय्यालाल मटकन खाली बसला. "मंग नाही काहून म्हनली व!"

"बापापाशी हो म्हनाले लाज नाही वाटत का जी?"

"मी उद्या जाऊन सांगतो, डॉक्टर म्हनते पोरीले..."

"आता कोन मानीन तुमचं?"

ती आत गेली. थोड्या वेळानं रुखमानं रोजच्यासारखी पेजेची वाटी आणून त्याच्यापुढं ठेवली आणि पाठ फिरवली.

पेजेत मीठ नव्हतं. डॉक्टरनं दूध, तेल, तिखट सगळं बंद केलं होतं, मीठ केलं नव्हतं. पण मागायची भैय्यालालची हिंमत झाली नाही.