बबननानांची प्रतवारी

बबननाना वाचनालयाचं पुस्तक परत करताना लगेच टेबलावर ठेवत नसत. आधी तळहातावर तोलत, मग निकाल देत: "गोळा", "गोलटी", नाहीतर "बदला". आळे गावच्या बाजारात कांद्याची प्रतवारी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गोळा म्हणजे उत्तम, गोलटी बारकी पण खाण्याजोगी, आणि बदला म्हणजे टाकाऊ.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे नवी पुस्तकं आली की पहिला हक्क नानांचा. ग्रंथपाल मी, पुस्तकं मी निवडलेली. "बदला" ऐकलं की आपण अख्ख्या गावाला फसवलं असं वाटून मला जेवण जात नसे.

एका बड्या साहेबांच्या आत्मचरित्रावर ते म्हणाले, "गोलटी. हा मानूस जन्मात कुठंच चुकला न्हाई. असल्याशी आपुन काय बोलायचं, राव?" एक रहस्यकथा "बदला" ठरली. "खुनी मला चहा निवायच्या आत घावला. पोलिसांना पुस्तक सरलं तरी घावंना." परदेशच्या प्रवासवर्णनावर तर ते चिडलेच. "रोज पाऊस पडतो म्हनून रडतोय. हिकडं धाड म्हनावं." कवितांचं एक पातळसं पुस्तक मात्र गोळा ठरलं. "वाचाया येळ लागत न्हाई. पन वाचल्यावर लगीच उठवत न्हाई."

मग एक नवी कादंबरी आली, आजारी मुलीची आणि तिच्या आईची. मला फार आवडलेली. नानांनी पुन्हा पुन्हा मुदत वाढवून घेतली आणि एक दिवस न तोलताच ती टेबलावर टाकली.

"बदला. कपाटात ठिवू नका. बायामानसांना तर देऊच नका."

कारण सांगेनात. मी दुखावलो. वाद घालायचाच, म्हणून रविवारी त्यांच्या मळ्यात गेलो.

कांदाचाळीपुढं बाया कांदा निवडत होत्या आणि नाना मधोमध बसून तीच कादंबरी सांगत होते. शेजारी त्यांची लेक सुमन. आदल्या वर्षी तिची लहान मुलगी ठकी तापानं गेली, तेव्हापासून ती माहेरीच होती.

"मंग?" एका बाईनं विचारलं.

"मंग काय! ताप उतरला. पोरगी उठून भाकर मागाय लागली."

पुस्तकातली मुलगी जगत नाही. मी तोंड उघडणार, तोच सुमनचा हात थांबला.

"नाना, तुमी बनवून सांगताय." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी वाचलंय ना? खरंच जगती का ती?"

नाना माझ्याकडे बघत नव्हते. हातातल्या कांद्याचा पापुद्रा सोलत बसले होते. पुस्तकाबद्दल मी आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"जगते," मी म्हणालो. "पुढं शाळेतही जाते."

"कितवीत?"

"पहिलीत."

"दप्तर घेऊनच झोपत आसंल," सुमन म्हणाली आणि तिनं कांद्याची पुढची पाटी जवळ ओढली.

नाना मला बांधापर्यंत सोडायला आले. तिथं मी विचारलं, "नाना, पुस्तक खरंच इतकं वाईट आहे?"

"वाईट?" ते थांबले. "भाऊ, आमची ठकी गेली, तवा हा लिवनारा आमच्या घरात बसला व्हता का काय?"