डाव्या अंगाची जागा

आमच्या गावातून पलूसला जायला दोन वाटा. एक डांबरी. सरकारने बांधलेली आणि तरीही चालण्याजोगी, असा दुर्मिळ योग. दुसरी ओढ्याकडून, काळ्या रानाच्या चिखलातून. तिच्यात म्हैस उतरली तर शिंगांच्या खुणेवरून तिला शोधून काढावी लागते. रंगा मेजर गाडी घेऊन पलूसला निघाला की कायम दुसऱ्या वाटेने जायचा.

उन्हाळ्यात तो चिखल वाळायचा. गाव सुखावायचं आणि मेजर सुतकात असल्यासारखा बसायचा. मग एके सकाळी तो स्वतःच्या उसाचा पाट फोडून वाटेवर पाणी सोडायचा, तासभर मुरू द्यायचा आणि गाडी आत घालायचा. ऊस वाळला तरी हरकत नाही, चिखल ओला राहिला पाहिजे! निम्मं गाव बांधावर गोळा व्हायचं. गाडी बरोब्बर मध्ये रुतली की मेजर खिडकीतून डोकं काढून विचारायचा,

"लावू का फोर व्हील?"

"लावा मेजर!" आम्ही बोंबलायचो.

तो खालचा छोटा दांडा ओढायचा. खटकन आवाज व्हायचा, इतका वेळ फुकट फिरणारी पुढची चाकं कामाला लागायची आणि गाडी डरकाळी फोडून बाहेर यायची. बांधावरच्या प्रत्येक धोतरावर हिंदुस्थानचा नकाशा उमटलेला असायचा, काहींच्यावर तर सिलोनसकट.

"मागली ढकलत्यात, म्होरली वढत्यात," मेजर मिशी पुसत सांगायचा. "हाय काय आन् न्हाई काय!"

त्याच्या मते जगातली कुठलीही अडचण या दांड्याने सुटत होती. सोयरीक मानपानावर अडली की मागून आवाज यायचा, "लावू का फोर व्हील?" ग्रामपंचायतीत दोन तास एक ठराव पुढे सरकेना, तेव्हाही तेच. एकदा तर आबा सुताराच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून उभे. मेजरने तोंड उघडलं मात्र, चौघांनी मिळून ते दाबलं.

मेजर म्हणजे काही तो मेजर नव्हता. आमच्या भागात फौजेतून परत आलेला माणूस मेजरच असतो. आमच्या एका गावात चौदा मेजर आहेत. खऱ्या पलटणीला एवढे परवडत नाहीत. रंगराव सतरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता. बांगलादेशची लढाई संपली, तसा पेन्शनीवर आला. बाकीचे मेजर येताना लोखंडी पेटी आणि रमच्या आठवणी आणतात. रंगरावाने सहा महिन्यांत पुण्याच्या लष्करी लिलावातून गाडी आणली.

गाडी कसली! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी आणलेली आणि परत न्यायची लाज वाटली म्हणून इथेच टाकलेली. पुढे दोन जागा, मागे उघडा हौदा. आपल्या फौजेने ती जीव जाईपर्यंत वापरली आणि मग लिलावात काढली. मी गावचा पोस्टमास्तर, त्याचा शेजारी. लिलावाच्या इंग्रजी नोटिसा मीच त्याला वाचून दाखवायचो. त्यात लिहिलेलं असायचं, गाडी 'जशी आहे, जिथे आहे' तत्त्वावर मिळेल.

"बगा मास्तर," तो गहिवरून म्हणायचा, "जशी हाय तशीच हाय म्हनत्यात. फौजेत लबाडी न्हाई."

पहिल्या गाडीला गिअर नव्हते, म्हणून त्याने दुसरी आणली. दुसरीला इंजिन नव्हतं, म्हणून तिसरी. तिसरीला नेमकं काय होतं याचा शोध अजून चालू आहे. तिन्ही मिळून एक गाडी चालायची. उरलेल्या दोहोंत कोंबड्या अंडी घालायच्या.

ही गाडी लेफ्ट हँड होती. स्टेअरिंग डावीकडे. त्यामुळे पुढे बैलगाडी असली, तर पलीकडून काय येतंय ते मेजरला दिसायचं नाही. ते बघायला उजवीकडच्या सीटवर मी.

"मास्तर, म्होरं काय?"

"मोकळं हाय."

एकदा मी 'मोकळं हाय' म्हणालो आणि समोरून एसटी आली. मेजरने गाडी थेट कुणाच्या तरी हरभऱ्यात घातली. पोस्टाच्या नोकरीत मी इतक्या जोरात देवाचं नाव कधी घेतलेलं नाही. मेजर मात्र खूश. हरभरा नुकताच भिजवलेला होता.

एवढ्या सगळ्या पराक्रमात एक खोट होती आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. गाडीत गाव बसलं. तलाठी बसला, बकरी बसली, वऱ्हाडं बसली. मेजरची बायको मात्र बसली नाही.

शेवंतावहिनी दर बाजारी डोक्यावर पाटी घेऊन चालत पलूसला जायच्या. त्या एका दिवशी मेजर चिखल विसरायचा आणि डांबरी रस्त्याने, सगळ्यांत खालच्या गिअरात, त्यांच्या मागोमाग गाडी चालवायचा. बाई पुढे, गाडी मागे. एवढं मोठं महायुद्ध जिंकलेली गाडी, पण वहिनींच्या पायताणाला तिला मागे टाकता आलं नाही.

"बस की गं," मेजर खिडकीतून म्हणायचा.

"म्होरं बगा. म्हसरं हाईत."

"पाय दुखतील."

"माजं हाईत. दुकू द्यात."

वहिनींनी पहिल्या वर्षी कारण दिलं की गाडी उंच आहे. मेजरने मोडक्या कुळवाचं लोखंड वाकवून तीन पायऱ्यांचा जिना जोडला. त्यावर पितळी दांडी धरायला. वहिनी म्हणाल्या, ऊन लागतं. त्याने पत्र्याचं छप्पर केलं. ते असं काही झालं की रस्त्यावरच्या म्हाताऱ्या गाडीला नमस्कार करू लागल्या. वहिनी म्हणाल्या, शीट टोचतंय. त्याने शेवरीचा कापूस भरून गादी शिवली. मी तिच्यावर बसलो तर मला भर रस्त्यात झोप लागली आणि आम्ही दुसऱ्यांदा हरभऱ्यात गेलो.

शेवटी वहिनींनी ब्रह्मास्त्र काढलं. दारात चार बायका जमवून त्या म्हणाल्या,

"बायकुनं नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसावं. उजव्या अंगाला पूजेला बसत्यात. हितं बाजाराला जायाचं, का सत्यनारायन घालायचाय?"

चार बायकांनी माना डोलावल्या. मेजरने गाडीकडे पाहिलं. गाडी लेफ्ट हँड. त्याच्या डाव्या अंगाला दार आणि दारापलीकडे जिल्हा परिषदेची गटार.

दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडून दिला असता. मेजर गाडी घेऊन सांगलीला गेला, बरोबर मला घेतलं आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीपुढे उभा राहिला.

"स्टेअरिंग उजवीकडं घ्यायचं."

मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं. "मेजर, म्होरली चाकं फिरवनारा गोळा हाय मदी. तो काढू? मग फोर व्हील विसरा."

"गोळा ऱ्हानार. स्टेअरिंग जानार."

"कशापाय पन?"

"मंडळींना डावीकडं बसायचंय."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी छपराकडे बघायला लागलो. महिनाभर त्याने ती गाडी उलटीपालटी केली आणि एके दिवशी निरोप आला, काम झालं.

काम झालं होतं. स्टेअरिंग उजवीकडे आलं होतं. फक्त स्टेअरिंगची पेटी उलटी बसल्यामुळे ते डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जायची आणि उजवीकडे फिरवलं की डावीकडे. मिस्त्री म्हणाला, दोन दिवस थांबा, सुधारतो. पण दुसऱ्या दिवशी बाजार होता.

"सवय व्हती," मेजर म्हणाला आणि निघाला.

सांगलीपासून गावापर्यंत तो तोंडाने मोठ्याने म्हणत होता, "डावीकडं जायाचं, म्हंजी उजवीकडं. उजवीकडं जायाचं, म्हंजी डावीकडं." मी डोळे मिटून त्याच्या बोलण्यावरून आम्ही जिवंत आहोत एवढं ओळखत होतो. आणि खरं सांगतो, एक कोंबडीसुद्धा दगावली नाही. घराच्या वळणावर मात्र दारात वहिनी दिसल्या. मेजरला इतका आनंद झाला की तो बरोबर स्टेअरिंग फिरवून बसला. गाडी थेट स्वतःच्या उकिरड्यात.

वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "बरं झालं. जागच्या जागी पोचली."

पुढच्या बाजारापर्यंत मिस्त्रीने येऊन पेटी सुलटी केली. त्या सकाळी अख्खं गाव मेजरच्या दारात. गाडी धुतलेली. मेजरने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो उजवीकडे, स्टेअरिंगवर हात ठेवून, परेडला उभं राहावं तसा बसला होता. डावीकडे गादी, रिकामी. माझी बदली मागच्या हौद्यात, पेंडीच्या रिकाम्या पोत्यांवर.

वहिनी पाटी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी जिना पाहिला, छप्पर पाहिलं, गादी पाहिली. डाव्या अंगाची ती जागा बराच वेळ पाहिली. आणि चालू लागल्या.

गावातून हसू फुटलं. मेजर हसला नाही. त्याने गाडी मागोमाग घेतली. गाव मागे पडलं. मग खिडकीतून म्हणाला,

"आगं, आता काय ऱ्हायलं? जिना केला, छप्पर केलं, चाक हिकडचं तिकडं केलं. आता काय मी मागं बसून गाडी हाकू?"

"चाक फिरिवलं," वहिनी न थांबता म्हणाल्या. "जागा तीच हाय न्हवं?"

"कुनाची जागा?"

"तुमच्या मेमसाबची."

गाडी आचका देऊन बंद पडली. वहिनीही थांबल्या.

"काळा गॉगल लावून, अत्तर मारून, दर बाजारी तुमच्या शेजारी बसून खिदळत जायाची ती. मास्तरांनी वाचल्यालं म्या इसरली न्हाई. मला एकडाव बी नेली न्हाई पलटनीत. आन् तिला दर बाजारी."

आता इथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्या सतरा वर्षांत मेजरची पत्रं वहिनींना मीच वाचून दाखवायचो. पत्र कसलं, तारच. 'मी खुशाल. तुमची खुशाली कळवणे.' हातातलं काम टाकून बाई पोस्टाच्या पायरीवर येऊन बसायची आणि तिच्या पदरात एवढंच. म्हणून मी थोडं पदरचं घालायचो. एका पत्रात एक ओळ होती: 'साहेबाच्या मेमसाबला गाडीतून बाजाराला नेतो.' तिचा गॉगल, अत्तर आणि खिदळणं माझं. वाचन रंगावं एवढाच हेतू. ते इतकं रंगलं असेल याची मला कल्पना नव्हती. मी एक पोतं तोंडावर ओढलं.

मेजर खाली उतरला.

"मेमसाब न्हवती," तो म्हणाला.

"पत्रात हुती."

"पत्रात घातली. काय लिवू मग? गावच्या पांडबाच्या पत्रात तोफ, शिवाच्या पत्रात रणगाडा. मी बटाटं वाहायचो. सतरा वर्सं. डेपोत भरायचं, डोंगरावर चौकीवर नेऊन वतायचं. ते लिवू?"

वहिनींनी डोक्यावरची पाटी सावरली.

"शेजारच्या शिटावर कोन साहेब बसतुया? एक जादा पोतं टाकल्यालं असायचं."

"बटाट्याचं?"

"कवा कांद्याचं." मेजरने मान खाली घातली. "वर दोन-दोन दिस मानूस दिसायचं न्हाई. मग त्येच्यासंगटच बोलायचो. शेवंता म्हनायचो त्येला."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतो तेवढंच. पोत्याखाली मी श्वास रोखून पडलो होतो.

"पोत्याला?" वहिनी म्हणाल्या. "माजं नाव?"

"व्हय."

"केवडं पोतं?"

"ल्हानच हुतं," मेजर घाईने म्हणाला.

वहिनींनी डोक्यावरची पाटी उतरवली आणि हौद्यात ठेवली, बरोबर माझ्या पोटावर. मी ओरडलो नाही. मग कुळवाच्या लोखंडाच्या तीन पायऱ्या एकामागून एक वाजल्या. दार लागलं. गाडी सुरू झाली.

मी पोत्यातून डोकं काढलं. छपराला मागे काच नव्हतीच, त्यामुळे दोन पाठमोरी डोकी दिसत होती, उजवीकडे त्याचं, डावीकडे तिचं. पिंडापुढेही ज्याचं तोंड दाबावं लागलं तो मेजर एक अक्षर बोलत नव्हता. उसाचं एक रान गेलं, दुसरं गेलं, गुऱ्हाळ गेलं.

"आवं," वहिनी शेवटी म्हणाल्या, "पोत्यासंगट सतरा वर्सं बोलला. मी काय बटाट्यापरीस बी कमी हाय व्हय? बोला की."

मेजरने घसा साफ केला. पुन्हा साफ केला. मग अगदी हळू, डोंगरात त्या पोत्याला सांगावं तसं म्हणाला,

"म्होरं वळान हाय, शेवंता. नीट धरून बस."

समोर रस्ता पार पलूसच्या वेशीपर्यंत सरळ होता. वहिनींनी पितळी दांडी दोन्ही हातांनी धरली.