मागच्या डाव्या चाकाचा निपल

चार दिवस झाले तरी घरातला अबोला सुटेना, तेव्हा भाऊंनी गाडीचे ब्रेक स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं.

अबोल्याचा आणि ब्रेकचा संबंध काय, ते आधी सांगायला हवं. बुधवारी वहिनी (म्हणजे भाऊंची बायको, सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, तर आपणही म्हणू) गाडी आत घेताना फाटकावर आपटल्या. ब्रेकचं पॅडल एकदम खाली गेलं, असं त्यांचं म्हणणं. भाऊंनी फाटकाचा वाकलेला गज बघितला, बंपरला आलेला पोचा बघितला आणि शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले, "तेवीस वर्षांत या गाडीनं मला एकदाही दगा दिला नाही. ब्रेक तोच आहे. पाय कुणाचा आहे, त्यावर असतं."

वहिनी काही बोलल्या नाहीत. तेव्हा नाही, रात्री जेवताना नाही, गुरुवारीही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊ ऑफिसातून परतले आणि त्याच फाटकाला त्याच जागी जाऊन भिडले. पॅडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं होतं. भाऊंनी चारी बाजूंना पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उतरून त्यांनी गज हातानं सरळ करायचा प्रयत्न केला, तो आणखी वाकला, आणि ते शीळ घालत घरात गेले. (भाऊंना शीळ घालता येत नाही. नुसती हवा जाते.)

"चुकलं माझं" एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण पाणीखात्यात सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला चूक कबूल करण्यापेक्षा ती गुपचूप दुरुस्त करून फाइल बंद करणं सोपं वाटतं. शनिवारी त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ तीनदा बघितला. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पॅडल मऊ पडतं. प्रत्येक चाकामागे करंगळीच्या पेराएवढा पोकळ स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. एकानं गाडीत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल किंचित सैल करायचा, हवा बाहेर आली की घट्ट करायचा, आणि मगच पॅडल सोडायचं. पोरखेळ. फक्त माणसं दोन लागतात आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं.

रविवार उजाडला तरी भाऊंच्या घरी सगळी बोलणी आईंमार्फतच चालली होती. आई म्हणजे भाऊंची आई. वय ऐंशी, तब्येत ठणठणीत, डावा कान जरासा सुट्टीवर.

"आई, तिला सांग, जरा गाडीत येऊन बसायचंय."

आईंनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं, हा म्हणतोय गाडीत बस."

"कुठं जायचंय, विचारा त्यांना."

"कुठं जायचंय रे?"

"कुठंच नाही."

"कुठंच जायचं नाही म्हणतो. नुसतं बसायचंय."

वहिनी हात पुसत आल्या, स्टिअरिंगमागे बसल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागल्या. आईंनी पायरीवर खुर्ची टाकून घेतली, बरोबर दोघांच्या मधोमध. भाऊ पुढच्या चाकामागे आडवे झाले.

"दाब म्हणावं."

"दाब गं."

"दाबलाय म्हणावं."

"दाबलाय रे."

भाऊंनी निपल सैल केला. बुडबुडे आले, ऑइल आलं, भाऊंच्या मनात आशा आली. "आता धरून ठेव म्हणावं, सोडू नकोस."

"सोड म्हणतोय गं."

वहिनींनी पॅडल सोडलं आणि उघड्या निपलमधून सुर्रकन हवा आत गेली, होती त्याच्या दुप्पट.

"आई, सोडू नकोस म्हणालो मी."

"मीही तेच सांगितलं. शेवटचं नीट ऐकू आलं नाही, एवढंच."

असा तासभर कारभार चालला. पुढची दोन चाकं झाली तेव्हा पॅडल आधीपेक्षा मऊ झालं होतं. पण भाऊ आता हटायला तयार नव्हते. ते मागच्या डाव्या चाकाकडे वळले.

तिथला निपल गंजून चाकाशी एकजीव झाला होता. पाना लावला, घसरला. पुन्हा लावला, भाऊंच्या बोटांची सालटी निघाली. मग त्यांनी रिंग पाना हातोडीनं ठोकून बसवला आणि त्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा पाइप चढवला. (पाणीखात्यातल्या माणसाच्या घरी पाइपच्या तुकड्यांना तोटा नसतो.) दोन्ही पाय भिंतीला लावून भाऊंनी जोर केला.

निपल फिरला. फिरायला हवा त्यापेक्षा जरा जास्तच सहज फिरला. मग "टक्" असा बारीक आवाज झाला आणि निपलचं डोकं पान्यासकट भाऊंच्या हातात आलं. उरलेलं धड आत.

भाऊ तसेच पडून राहिले. आकाश निळं होतं. त्यांना वाटलं, झालं काम म्हणून सांगावं. ऑइल गळत नव्हतं, बाहेरून काही दिसतही नव्हतं. उद्या सोमवार. उद्या सकाळी वहिनी हीच गाडी घेऊन चष्म्याच्या दुकानात कामाला जाणार होत्या, मधे तो उतार होता आणि उताराच्या तळाशी शाळा.

"काय रे, काय सांगू तिला?" आईंनी विचारलं.

"काही नको. मीच सांगतो."

भाऊ उठले आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. तोंडभर काळं ऑइल, तळहातावर ते डोकं.

"मोडला," ते म्हणाले.

वहिनींनी तळहाताकडे बघितलं.

"आणि बुधवारी तुझा पाय चुकला नव्हता. शुक्रवारी मीपण आपटलो. त्याच फाटकाला."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"ओट्याशी उभी होते. खिडकीतून सगळं दिसतं. गज तुम्ही आणखी वाकवलात तेही दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते." वहिनी थोड्या सावरून बसल्या. "आता पाय काढू का? मघापासून दाबून धरलंय. पोटरीत गोळा आलाय."

भाऊंनी दार उघडून त्यांना हाताला धरून उतरवलं. आई खुर्चीतून बघत होत्या. "तुमचं तुम्ही बोलणार असाल तर मी आत जाऊन पडू का?" त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

वहिनींनीच कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री आला, चाकामागे डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"पाइप लावला होता का?" आतून आवाज आला.

"थोडासा," भाऊ म्हणाले.

"पाइप थोडासा कसा लावतात?"

मिस्त्री बाहेर आला. चाकातला छोटा सिलिंडरच बदलावा लागेल, तो यायला दोन दिवस लागतील, तोवर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असं त्यानं सांगितलं. "आलोच आहे तर चौथ्या चाकाचा निपल सोडवून ठेवू. तोही जाम असणार."

जामच होता. मिस्त्रीनं तारेच्या ब्रशनं गंज काढला, बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं, हातोडीनं हलकेच चारी बाजूंनी ठोकलं आणि म्हणाला, "आता चहा."

"एवढंच?" भाऊ म्हणाले.

"तेलाला त्याचा वेळ द्यावा लागतो. आणि पहिल्यांदा सैल नाही करायचा. आधी केसभर घट्ट करायचा, मग सैल, मग परत घट्ट. बोटांना कळतं तो केव्हा ऐकायला लागतो ते."

चहा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी बघू?" दिवसभर चष्म्याच्या काड्यांचे तांदळाएवढे स्क्रू फिरवणारा तो हात. त्यांनी पाना दोन बोटांत धरला, केसभर पुढं, केसभर मागं, मान तिरकी करून, जसं काही त्याचं ऐकताहेत. चौथ्या खेपेला निपल मुकाट्यानं फिरला.

"हात आहे वहिनींना," मिस्त्री म्हणाला. मग भाऊंकडे वळला. "तुम्ही पॅडलवर बसा."

भाऊ पॅडलवर बसले. वहिनी दाबा म्हणाल्या की दाबत होते, सोडा म्हणाल्या की सोडत होते, आणि आई मधे बसून दोन्ही पुन्हा सांगत होत्या. खरं सांगायचं तर गेल्या पाच दिवसांत भाऊंना इतकं बरं वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन वाजला. त्या केस विंचरत होत्या, म्हणून भाऊंनी उचलला.

"पार्ट आलाय म्हणून सांगा वहिनींना," मिस्त्रीचा आवाज. "कोण बोलतंय?"

"घरातलंच," भाऊ म्हणाले.

"बरं. तिकडं भाऊ नसतात ती वेळ कुठली? त्याच वेळेला येऊन बसवून टाकतो."

भाऊंनी क्षणभर विचार केला. "दहा ते साडेपाच," त्यांनी सांगितलं. "पण शक्यतो दुपारच्या आत उरका. कधी कधी ते लवकर घरी येतात."