डावी नायलॉनची, उजवी पोलादी

लव्हर्नने घरच्या गॅरेजमध्ये बांधलेलं विमान ब्रेकच्या नळीपाशी येऊन अडलं होतं.

"नायलॉनची घाल," ड्वेन म्हणाला. पंखांचे रिव्हेट त्याने लव्हर्नबरोबर बसून ठोकले होते. "हलकी असते, वाकवशील तशी वाकते. माझ्या विमानाला तीच आहे."

"म्हणूनच तुझं विमान हँगरबाहेर निघत नाही," ग्लेन म्हणाला. इंजिन बसवायला तो धावून आला होता. "ब्रेक दाबून दाबून चाकाची चकती तापली की नायलॉन मेणासारखं मऊ पडतं. लव्हर्न, पोलादी जाळीची घाल. नातवंडं वापरतील."

"नातवंडं! पोलादाच्या वजनाने हे उडेल तरी का?" ड्वेन म्हणाला.

दोघेही लव्हर्नकडे बघू लागले. लव्हर्नला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. त्याने डाव्या चाकाला नायलॉनची नळी लावली आणि उजव्याला पोलादी जाळीची. दोघेही खूश झाले.

शनिवारी फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवर पॅनकेकचा नाश्ता होता. लव्हर्नची बायको मर्ना गवतावर घडीची खुर्ची टाकून बसली होती. "माझ्यासमोर आणून नीट थांबवलंस, तर बसेन तुझ्या विमानात," तिने बजावलं होतं. "नाहीतर बहिणीकडे मी आपली मोटारीनेच जाईन." शेजारची सीट त्याने तिच्याच मापाने बांधली होती.

आज विमान नुसतं जमिनीवरून चालवायचं होतं. लव्हर्न उतारावरून ब्रेक दाबत दाबत आला. मर्नाच्या थोडं अलीकडे डावी नळी फुटली आणि विमान उजवीकडे वळलं. घाबरून त्याने आणखी जोरात ब्रेक दाबला. मग ते नाश्त्याच्या टेबलांसमोर गोल गोलच फिरू लागलं.

"बघ, पोलादी टिकली!" ग्लेन ओरडला.

"अरे, पोलादीच फिरवतेय त्याला!" ड्वेन ओरडला.

शेवटी लव्हर्नने इंजिन बंद केलं. विमान गरगरत येऊन मर्नाच्या खुर्चीपुढेच थांबलं. लोकांना ती कसरत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मर्ना पर्स सांभाळत पंखावर चढली आणि सीटवर बसून तिने पट्टा बांधला.

"थांबलं की रे! कधी जायचं बहिणीकडे?"

गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण लव्हर्न म्हणाला, "नाही. उतर तू. डावीकडे ब्रेकच नाहीये."

मर्ना त्याच्याकडे वळली. "आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा नाही म्हणालास. आता येईन मी तुझ्याबरोबर. फक्त दोन्हीकडे एकाच प्रकारची नळी लाव."

"कुठली लावू?" लव्हर्नने विचारलं.

मर्नाने पट्टा सोडला आणि पर्समधून मोटारीची किल्ली काढली.