सुलाबाईंची सीट

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर असलेल्या मल्हारी गांगुर्डेने गाडी घेण्याआधी आठ महिने नाशिकमधल्या सगळ्या शोरूमवाल्यांचं डोकं खाल्लं. ॲव्हरेज, इंजिन असल्या फालतू चौकश्या त्याने केल्याच नाहीत. खिशातून टेप काढायचा, सीट ते सीट अंतर मोजायचं आणि आईला चढवून विचारायचं, "पायरी उंच नाय ना?" जुन्या छोट्या गाडीत लांब जायचं म्हटलं की जागा कमी पडायची, आणि सुलाबाई आपणहून म्हणायच्या, "जा तुम्ही, मी घर सांभाळते." बारा वर्षं हेच चाललं होतं. आईला नागपूरची दीक्षाभूमी अजून दाखवली नाही, याची मल्हारीला मनापासून लाज वाटायची.

शेवटी पांढरीशुभ्र सात सीटर दारात आली. मधली खिडकीची जागा आईची, हे त्याने घरात जाहीर केलं. बायको संध्या आणि मुलगी मनाली धरून माणसं चार. बहीण लता आणि तिचा नवरा मनोज द्वारका चौकात चढणार होते.

"दादा, आमच्याकडचं एखादं माणूस वाढलं तर?" मनोजने आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं.

"दहा आणा हो! गाडी कशाला घेतलीय?" मल्हारी म्हणाला. नव्या गाडीचा मालक दुसरं काय म्हणणार!

सकाळी सातला गाडी द्वारका चौकात, संभाजीनगरच्या शेअर टॅक्सी लागतात तिथं उभी राहिली. मागची सीट उघडल्यावर डिकीत डबासुद्धा मावेना, म्हणून मल्हारी टपावर बॅगा बांधायला चढला. संध्या चहा आणायला गेली. चारही दारं उघडी, टपावर सामान, नंबर प्लेटवर पूजेचा झेंडूचा हार. एक जोडपं आलं, मागून एक बाई गाठोडं घेऊन आली.

"कुठं चाललीय?"

"नागपूर!" वरून अभिमानाने उत्तर आलं. "जयभीम!"

"जयभीम, जयभीम," म्हणत तिघं आत बसले.

झालं! ही मनोजरावांची माणसं, याबद्दल मल्हारीला काडीचीही शंका उरली नाही. आता जावयाच्या माणसांना 'तुम्ही कोण' विचारायचं म्हणजे बहिणीच्या सासरी वर्षभराची चर्चा. त्याने संध्याला तीन चहा वाढवून आणायला लावले.

"आम्हाला संभाजीनगरला उतरायचंय," जोडप्यातला गडी म्हणाला.

"उतरा की! घरचीच गाडी आहे."

"ही गोधडी जरा मांडीवर घेता का, आजी?" गाठोडंवालीने विचारलं. सुलाबाईंनी गोधडी घेतली, आतली माणसं मोजली, लता-मनोज यायचेत हेही आठवलं, आणि गोधडी सीटवर ठेवून खाली उतरल्या.

"आई, उतरली कशाला?"

"दोर आवळ तू. मी बघते माझं."

तेवढ्यात लता-मनोज रिक्षातून उतरले. दोघंच.

"तुमची मंडळी कधीची बसलीत!" मल्हारी टपावरून उतरत म्हणाला.

मनोजने आत डोकावलं. "कोण मंडळी? आमच्या आत्याचं येणं रद्द झालं की."

"ओ ड्रायव्हर!" आतून गडी ओरडला. "निघायचं का नाय? का अजून सीटा भरायच्यात?"

मल्हारीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ड्रायव्हर? अहो, ही माझी स्वतःची गाडी आहे!"

"मग चहा कशाला पाजला?" गाठोडंवाली भडकली. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बरीच बोलाचाली होऊन तिघं उतरले, तेव्हा मनालीने विचारलं, "आजी कुठंय?"

आजी समोरच होती. पलीकडच्या खऱ्याखुऱ्या टॅक्सीत, ड्रायव्हरशेजारी, खिडकीपाशी ऐसपैस.

मल्हारी धावला. "आई, उतर! जागा झालीय!"

"मला इथं लय बेस हाय," सुलाबाई म्हणाल्या. "संभाजीनगरपर्यंतचं भाडं दिलंय. तिथं बसते तुझ्यात."

"अगं, पण तुझ्यासाठी तर गाडी घेतली!"

"माहीत हाय रे राजा. पण दर बारीला तुम्ही जागा करायची वाट बघू का? यावेळी मला जायचंच हाय."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. सुलाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून पोराच्या गालावरून फिरवला.

"चल, गाडीत बस," त्या म्हणाल्या. "मागं राहू नको."